काही साइट उघडतात, काही अजिबात नाही – नवीन राउटर बसवल्यापासूनचा घोळ, मदत हवी

कातळसडा

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातून लिहितोय. हंगामाच्या शेवटच्या पेट्या निघायच्या आहेत आणि नेमका आत्ताच घरचा संगणक अडून बसलाय.

वळवाच्या पावसात वीज कडाडली त्यात जुना राउटर गेला. केबलवाल्याच्या माणसाने नवीन बसवून दिला, दिवे लागले, नेट आलं. संध्याकाळी बँकेची साइट उघडायला गेलो तर उघडेना.

गूगल उघडतं. यूट्यूब न अडकता चालतं. वर्तमानपत्रांपैकी काही उघडतात, काही नाहीत. बँकेचं नेटबँकिंग, कुरिअरचं बुकिंग आणि भाचीच्या अकरावी प्रवेशाचं पान, ही तीन तर अजिबातच नाहीत. नुसतं गोल फिरत राहतं आणि बऱ्याच वेळाने 'साइटला पोचता येत नाही' म्हणून सांगतं. त्याच साइट मोबाइल डेटावर लगेच उघडतात, म्हणजे साइट बंद नाहीत.

पीसी विंडोज १० चा आहे, राउटरला वायरने जोडलेला. क्रोम, फायरफॉक्स, एज तिन्ही करून बघितले. कॅशे, कुकी साफ केल्या. अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवला. तालुक्याच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, विंडोज बिघडलंय, आणून द्या, फॉरमॅट मारून देतो. पीसीत गिऱ्हाइकांचे पत्ते, हिशोब, सगळं आहे. फॉरमॅटला मन होत नाही. दुसरं काय करता येईल?

सुरंगी

कातळसडा दादा, फॉरमॅट आत्ता अजिबात नको. तुम्ही दिलेल्या माहितीत विंडोजकडे बोट दाखवणारं मला एकही लक्षण दिसत नाही. राउटर बदलला आणि बिघाड सुरू झाला, मग संशय आधी राउटरवर घ्यायचा की पीसीवर?

एवढ्याची उत्तरं द्या, म्हणजे अर्धा प्रश्न सुटेल.

त्याच राउटरच्या वायफायवर मोबाइल लावा, मोबाइल डेटा बंद ठेवा आणि बँकेची साइट उघडा. उघडली तर दोष पीसीत. नाही उघडली तर पीसी सुटला, फॉरमॅटचा विषयच संपला.

दुसरं, साइट न उघडल्याचा जो संदेश येतो तो जसाच्या तसा लिहून पाठवा. त्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ असते, ती महत्त्वाची. 'डीएनएस प्रोब' असं काही असेल तर साइटचा पत्ताच सापडत नाहीये. 'सर्ट डेट इनव्हॅलिड' असेल तर पीसीचं घड्याळ किंवा साइटचं प्रमाणपत्र, म्हणजे साइट खरीच असल्याचा दाखला, चुकलेलं. 'कनेक्शन रीसेट' म्हणजे मधल्या कुणीतरी जोडणी तोडली. 'टाइम्ड आउट' म्हणजे इकडून विचारलं, पण तिकडून उत्तर पोचलं नाही. चारही वेळा आपण 'साइट उघडत नाही' एवढंच म्हणतो, पण आजार चार वेगळे आणि औषधंही वेगळी.

तिसरं, विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी, म्हणजे सगळी ये-जा ज्याच्यामार्फत होते तो मधला सर्व्हर, चालू आहे का बघा. कधी कधी एखादं फुकटचं सॉफ्टवेअर ती गुपचूप लावून ठेवतं.

रापण

आमच्याकडे पण असाच झालला. घड्याळ बघलास काय? माझ्या जुन्या पीसीचा घड्याळ लाइट गेली की मागे जाय, आणि बँकेची साइट उघडाची नाय. मदरबोर्डावरचो सेल बदललंय, मगे सगळा सुरळीत झाला.

सुरंगी

रापण भाऊ, बरोबर आठवण केलीत. तो सीआर २०३२ सेल, तीन व्होल्टचा, किराणा दुकानातही मिळतो. साइटच्या प्रमाणपत्राला सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख असते. पीसीची तारीख त्या मुदतीच्या बाहेर गेली की ब्राउझर प्रमाणपत्र नाकारतो. आपल्याकडे लाइटचा लपंडाव इतका, की सेल मेला असेल तर रोज घड्याळ लावत बसावं लागतं. पण तेव्हा ब्राउझर लगेच इशारा देतो, गोल फिरत बसत नाही. दादांच्या वर्णनाशी ते जुळत नाही. तरी बघून घ्या, क्षणाचं काम आहे.

काजूबी

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर, बदलून बघा. माझ्या अनुभवात दहापैकी सहा वेळा तेच निघतं. अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. पहिला गूगलचा, २००९ पासून आहे. दुसरा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ चा. मग साठलेले जुने पत्ते पुसायला कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस'. कमांड देताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच टाका, इथे फक्त वाचायला देवनागरीत लिहिलंय.

होस्ट्स फाइलही बघा, डीएनएसच्या आधी पीसी साइटचा पत्ता तिथे शोधतो. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, त्यात 'होस्ट्स' नावाची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. तिथे बँकेचं नाव आणि शेजारी भलताच आकडा दिसला तर समजा व्हायरसने हात घातलाय. नेहमीच्या पीसीवर त्या फाइलीत चौकटीच्या खुणेने (#) सुरू होणाऱ्या ओळी सोडून सहसा काही नसतं.

आणि नवीन राउटरमध्ये डीएनएस कुठला टाकलाय तेही बघा. डीएनएसचेंजर नावाचा प्रकार आठवत असेल जुन्या लोकांना. त्या टोळीने लाखो संगणकांचा आणि राउटरांचा डीएनएस स्वतःकडे वळवला होता. २०११ च्या नोव्हेंबरात एफबीआयने टोळी पकडली, पण ते सर्व्हर बंद केले तर इतक्या लोकांचं नेट बंद पडेल म्हणून तात्पुरते चांगले सर्व्हर लावून ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. म्हणून कुणाचा वापरलेला राउटर घेतला तर आधी रीसेट करावा, नंतरच बँकेत लॉगिन.

कातळसडा

सगळ्यांचे आभार. एकेक करून बघितलं.

घड्याळ बरोबर आहे. प्रॉक्सी बंद आहे. होस्ट्स फाइल कोरी. डीएनएस १.१.१.१ केला, फरक नाही. काजूबींनी सांगितलेलं फ्लशही केलं. 'एनएसलुकअप' करून बँकेचं नाव टाकलं तर आकडे लगेच येतात, आणि मोबाइल डेटावर येतात तेच आकडे.

आणि मुख्य म्हणजे सुरंगीताईंची पहिली चाचणी. घरच्या वायफायवर मोबाइलवरही बँक उघडत नाही! कुरिअर नाही, प्रवेशाचं पान नाही. डेटा चालू केला की तिन्ही उघडतात. पीसीवरच्या संदेशात 'टाइम्ड आउट' आहे.

सुरंगी

मग पीसी निर्दोष. दुरुस्तीवाल्याला कळवून टाका की येत नाही.

शिडाचं_गलबत

सरकारने ब्लॉक केल्या असतील का? आयटी कायद्याच्या ६९ अ कलमाखाली करतात ना.

काजूबी

बँक आणि कुरिअर कोण ब्लॉक करणार? आणि ६९ अ चा आदेश सगळ्या कंपन्यांना जातो, मोबाइल कंपनीलाही. एकीकडे चालू, एकीकडे बंद असं क्वचित होतं. शिवाय ब्लॉक असेल तर बहुतेक वेळा तशा सूचनेचं पान येतं, किंवा जोडणी लगेच तुटते, किंवा डीएनएस खोटा पत्ता देतो. यांना पत्ता बरोबर मिळतोय.

शिडाचं_गलबत

मग व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेट नेणारं सॉफ्टवेअर, लावून बघा. माझ्या मालवणच्या घरी एकदा असंच झालं होतं, व्हीपीएन लावलं आणि सगळं उघडलं. कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

कातळसडा

लावून बघितलं. व्हीपीएनवर कुरिअर उघडलं! बँकेत लॉगिन केलं नाही, पण पहिलं पान आलं. प्रवेशाचं पान मात्र व्हीपीएनवर 'प्रवेश नाकारला' म्हणतंय. आता मला काहीच समजेनासं झालंय.

दीपस्तंभ

आता लिहितो. कामाचा भाग म्हणून बरीच वर्षं नेटवर्क सांभाळलंय, सध्या गुहागरला असतो.

आधी व्हीपीएनबद्दल. फुकटच्या व्हीपीएनवरून बँकेत लॉगिन करू नका, कुणीच. आणि आपल्या बऱ्याच सरकारी साइट परदेशी पत्त्यावरून आलेल्याला आत घेत नाहीत. तुमच्या व्हीपीएनचं दुसरं टोक परदेशात असणार, म्हणून ते 'नाकारला'. त्याचा मूळ बिघाडाशी संबंध नाही, तो बाजूला ठेवा.

पण कुरिअर उघडलं, हा फार मोलाचा धागा आहे. तुमची वायर तीच, राउटर तोच, केबलवाला तोच. बदललं काय? नेटवर माहिती लहान लहान तुकड्यांत जाते, त्यांना पॅकेट म्हणतात. व्हीपीएनमध्ये प्रत्येक पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून पाठवतात. गुंडाळायला जागा लागते, म्हणून आतलं पॅकेट आधीच लहान ठेवलेलं असतं. वायरगार्ड नावाच्या व्हीपीएन पद्धतीत ते मुळातच १४२० बाइटचं असतं. म्हणजे लहान पॅकेट जातात, मोठी अडकतात. माझा संशय एमटीयूवर आहे, म्हणजे वाटेने जाऊ शकणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकारावर.

इथरनेटवर एका पॅकेटात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. आपल्याकडचे बहुतेक केबलवाले नाव-पासवर्ड टाकून जी जोडणी देतात ती पीपीपीओई. तिच्या वेष्टणाला ८ बाइट लागतात, उरले १४९२. एखाद्याने पुढे आणखी एका टनेलमधून, म्हणजे आणखी एका वेष्टणातून, नेलं असेल तर आणखी कमी. हे सगळीकडेच असतं, त्यात गैर काही नाही. गैर होतं ते याच्या पुढे.

बँकेचा सर्व्हर १५०० चं पॅकेट पाठवतो आणि त्यावर 'तोडू नये' अशी खूण असते. अरुंद जागी आल्यावर तिथल्या राउटरने सर्व्हरला उलट निरोप द्यायचा असतो, 'एवढं मोठं जात नाही, इतकं लहान करा.' १९९० पासून ही पद्धत ठरलेली आहे. हा निरोप आयसीएमपी नावाच्या मार्गाने जातो, आणि कित्येक ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. मग निरोप पोचतच नाही. सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, ते दर वेळी वाटेतच नाहीसं होतं, आणि कुणीच कुणाला काही सांगत नाही.

खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो तसं समजा. ओहोटीला होडी सहज आत येते, मोठा ट्रॉलर बाहेरच अडतो, आणि बंदरावर बसलेल्याला वाटतं की खाडी तर चालू आहे.

म्हणून पिंग, म्हणजे समोरचा उत्तर देतो का बघणारी हाक, चालतं, डीएनएस चालतो, जोडणीची सुरुवातही होते, कारण ती सगळी लहान पॅकेट. मग सर्व्हर आपलं सुरक्षा प्रमाणपत्र पाठवतो. ते दोन-चार हजार बाइटचं, म्हणजे भरलेली मोठी पॅकेट. तिथेच सगळं थांबतं आणि तुम्हाला गोल फिरताना दिसतं.

गूगल आणि यूट्यूब का चालतात? क्रोम आणि मोबाइलवरचं अॅप त्यांच्याशी क्विक या नव्या पद्धतीने बोलतात, आणि क्विकमध्ये पॅकेट सुरुवातीपासूनच लहान ठेवतात, साधारण १२०० ते १३५० बाइट. बँका आणि सरकारी साइट बहुतेक टीसीपी या जुन्या पद्धतीवर आहेत. ज्या साइटच्या वाटेवर आयसीएमपीचा निरोप नीट पोचतो त्या टीसीपीवर असूनही उघडतात. त्यामुळे 'काही उघडतात, काही नाही' याला लोक नशीब समजतात.

आता तपासणी. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि द्या: पिंग, मग 'डॅश एफ', मग 'डॅश एल १४७२', मग १.१.१.१. 'एफ' म्हणजे तोडू नको, 'एल' म्हणजे आकार. १४७२ मध्ये पॅकेटच्या सुरुवातीची पत्त्याबित्त्याची २८ बाइटची माहिती मिळवली की १५०० होतात. उत्तर नाही आलं तर १४६४ करा, म्हणजे १४९२. तेही नाही आलं तर १४०० करा आणि तिथून वर चढा. जिथपर्यंत उत्तर येतं तो सर्वांत मोठा आकडा मला हवा. आणि न येणाऱ्या वेळी संदेश काय येतो तेही लिहा, 'तोडावं लागेल' असं म्हणतो की नुसतं 'टाइम्ड आउट'.

सुरंगी

दीपस्तंभ काका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. माझ्याकडे वेंगुर्ल्यात आत्ताच करून बघितलं. १४६४ ला उत्तर येतं, १४६५ ला 'तोडावं लागेल, पण तोडू नको अशी खूण आहे' असं राउटर स्वतः सांगतो. म्हणजे माझ्या राउटरला स्वतःची मर्यादा माहीत आहे.

दीपस्तंभ

अगदी बरोबर, ताई. तुमचं निरोगी चित्र आहे. पीपीपीओईला १४९२ हा अपेक्षित आकडा.

कातळसडा

केलं.

१४७२ – टाइम्ड आउट. १४६४ – टाइम्ड आउट. १४०० – उत्तर येतं. मग वर चढत गेलो. १४५२ ला येतं. १४५३ ला नाही. प्रत्येक वेळी नुसतं 'टाइम्ड आउट', तोडण्याबद्दल काही म्हणत नाही.

म्हणजे १४५२ अधिक २८, १४८०?

दीपस्तंभ

हो, १४८०. आणि तुमच्याकडे ती शांतता आहे ना, तीच खूण. राउटरला वाटतंय वाट १५०० ची आहे, पुढे ती १४८० ची आहे, आणि मधलं कुणी बोलत नाही.

आता राउटरच्या पानावर जा. पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर लिहिलेला असतो. 'वॅन' किंवा 'इंटरनेट' विभागात एमटीयू असा रकाना असेल. तिथे काय आकडा आहे तो आधी लिहून ठेवा, मग १४८० टाका, सेव्ह करा, राउटर पुन्हा चालू करा. दुसरं काहीही हलवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात हाच खेळ पुन्हा.

राउटरमध्ये केलं की घरातल्या सगळ्यांना लागू होतं. बहुतेक राउटर जोडणी सुरू होतानाच समोरच्याला 'माझ्याकडे एवढंच लहान पाठव' असं सांगून टाकतात, त्याला एमएसएस म्हणतात. १४८० तून ४० वजा, १४४०. मग सर्व्हर पहिल्यापासूनच लहान पॅकेट पाठवतो आणि तो हरवलेला निरोप लागतच नाही. तुमचा जुना राउटर हेच काम इतकी वर्षं मुकाट्याने करत असणार.

राउटरचा पासवर्ड केबलवाल्याने दिला नसेल तर तात्पुरतं पीसीवर करता येतं. अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटशेल' मधून त्या इथरनेट जोडणीचा एमटीयू १४८० करायचा. पण मग मोबाइल तसेच राहतील.

खारी_हवा

मध्येच बोलतो, माफ करा. आमच्या किनाऱ्यावर लॅन वायरीच्या टोकाच्या पिनांना हिरवट गंज चढतो, तेही एकदा बघावं. आमच्या हर्णैच्या घरी दर पावसाळ्यानंतर टोक कापून नवीन लावावं लागतं.

दीपस्तंभ

जरूर बघावं. फक्त गंजाची लक्षणं वेगळी. तेव्हा सगळ्याच साइट रखडतात, वेग शंभरवरून दहावर येतो, पिंगची उत्तरं मधली मधली गळतात. ठराविक साइट कायम बंद आणि बाकीच्या कायम चालू, असं गंज करत नाही.

कातळसडा

उघडलं!!

राउटरमध्ये १५०० होतं. १४८० केलं, राउटर चालू होईपर्यंत श्वास रोखून बसलो होतो. बँक उघडली. कुरिअर उघडलं, पेट्यांचं बुकिंग आत्ताच केलं. भाचीचा अर्ज तिने स्वतः भरला आणि पावती काढली. मोबाइलवरही सगळं चालतंय. न उघडणारी वर्तमानपत्रंही आली.

काका, ताई, काजूबी, रापण भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. फॉरमॅट मारून आणला असता तर हिशोब गेला असता आणि साइट तरीही उघडली नसती.

काजूबी

वा! वाचनखूण साठवली. आयपीव्ही६, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, बंद करायला सांगणार होतो, ते आता लागलंच नाही.

दीपस्तंभ

छान झालं. आयपीव्ही६ बंद करणं मीही शेवटी ठेवतो. तिथे वाटेवरचे राउटर पॅकेट कधीच तोडत नाहीत, त्यामुळे आयसीएमपी अडवलं तर हाच त्रास तिथे अधिक होतो. पण बंद करण्यापेक्षा आकडा दुरुस्त करणं चांगलं.

कातळसडा, केबलवाल्यालाही हे आकडे कळवा. 'नेट चालत नाही' असं म्हणू नका, तो वेग मोजेल, वेग चांगला दिसेल आणि फोन ठेवेल. 'पीपीपीओईवर १४८० च्या वर पॅकेट जात नाही, आयसीएमपीचं उत्तर येत नाही, तुमच्या बाजूला एमएसएस क्लॅम्पिंग लावा' असं लिहून पाठवा. त्याच्या वरच्या माणसाला ते समजेल. तुमच्या वाडीत ज्यांचे राउटर त्याच विजेत गेले त्यांनाही हाच माणूस तसाच राउटर बसवून गेला असेल.

वाचनालय_श्रीवर्धन

धागा वाचला आणि आशा वाटली. आमच्या वाचनालयात विंडोज ७ चा जुना संगणक आहे, देणगीत आलेला. 'निसर्ग' वादळात, ३ जून २०२० ला, छप्पर उडालं तेव्हा ताडपत्रीखाली वाचला. मुलं त्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज बघतात. त्यावर काही साइट उघडत नाहीत, पण फिरत नाही, लगेच 'तुमची जोडणी खासगी नाही' म्हणतो. तारीख बरोबर आहे. एमटीयू बघू का?

सुरंगी

नको, तुमचा आजार वेगळा. इशारा लगेच येतोय म्हणजे पॅकेट पोचताहेत, प्रमाणपत्रावर विश्वास बसत नाहीये.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून आधार देणं थांबवलं. ब्राउझर कुणाच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा याची एक यादी संगणकात असते, ती जुनी राहिली की नव्या साइट परक्या वाटू लागतात. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं जगभरात असंख्य साइट वापरतात. ती ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकलेली होती त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली, आणि जुन्या संगणकांवर, जुन्या मोबाइलवर एकाच दिवशी कितीतरी साइट बंद पडल्या. साइट ठीक होत्या, यादी जुनी होती.

संगणकावर इंटरनेट एक्सप्लोरर किंवा फार जुना क्रोम वापरत असाल तर फायरफॉक्सची ११५ ची दीर्घ मुदतीची आवृत्ती टाका. ती विंडोज ७ वर चालते आणि स्वतःची यादी स्वतःबरोबर आणते, विंडोजच्या यादीवर विसंबत नाही. क्रोमची विंडोज ७ साठीची शेवटची आवृत्ती १०९, तिथे थांबली.

आणि एक कळकळीने सांगते. इशारा आला की 'तरीही पुढे जा' दाबायची सवय मुलांना लावू नका. त्या यादीचा गैरवापरही झालाय. २०१४ च्या जुलैत आपल्याच देशातल्या एका सरकारी प्रमाणपत्र यंत्रणेकडून गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रं निघाली होती, गूगलने ती पकडली आणि मायक्रोसॉफ्टला त्यांच्यावरचा विश्वास काढून घ्यावा लागला. म्हणून इशारा खोटाच असणार असं धरून चालू नये.

वाचनालय_श्रीवर्धन

ताई, फायरफॉक्स टाकला, शिष्यवृत्तीचं पान उघडलं. मुलं खूश आहेत. पुढे लिनक्स टाकता येईल का या संगणकावर?

काजूबी

येईल. मेमरी दोन जीबी असली तरी हलकी लिनक्स चालते, आणि सुरक्षेची दुरुस्ती येत राहते. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी टप्प्याटप्प्याने सांगतो. देवनागरी टंकनही बसवून देऊ.

रापण

आणि इजेचा काय? राउटर पुन्ना जातलो ना पुढच्या गडगडाटात. माझे दोन गेले.

दीपस्तंभ

रापण भाऊ, घरापर्यंत काय येतं ते आधी बघा. नुसत्या काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण काही फायबर केबलींना आधारासाठी पोलादी तार असते. आणि बऱ्याच वाड्यांत फायबर फक्त खांबावरच्या पेटीपर्यंत येतो, पुढे घरापर्यंत तांब्याची लॅन वायर ओढलेली असते. ती माडा-आंब्यांच्या मधून लांबवर उघडी जाते. वीज जवळ पडली की त्या वायरीतून लाट आत येते. प्लगवर कितीही चांगला सर्ज प्रोटेक्टर लावला तरी या वाटेने राउटर जातोच, आणि वायरने जोडलेला असेल तर पीसीचं लॅन कार्डही.

गडगडाट ऐकू आला की दोन्ही काढायचं, लाइटचा प्लग आणि राउटरची लॅन वायर. केबलवाल्याला फायबर घरापर्यंत आणायला सांगा, थोडे पैसे मागतो पण दर वर्षीच्या राउटरपेक्षा स्वस्त. आणि घराचं अर्थिंग बघून घ्या. जांभ्याच्या कातळावर खड्डा नीट खोल नसतो, उन्हाळ्यात तिथली माती पार कोरडी पडते, आणि वळीव येतो तो नेमका त्याच वेळी.

कातळसडा

आमच्याकडे तीच तांब्याची वायर आहे, खांबापासून. हापूसच्या कलमांमधून येते.

केबलवाल्याला काकांचं वाक्य जसंच्या तसं पाठवलं होतं. त्याच्या वरच्या ऑफिसातून फोन आला, त्यांनी तिकडून काहीतरी बदललं. राउटरमध्ये घटकाभर पुन्हा १५०० टाकून बघितलं, आता १४६४ ला पण उत्तर येतं. वाडीतल्या आणखी दोघांचं नेट असंच अडलेलं होतं, त्यांचंही सुटलं. फायबर घरापर्यंत आणायचं गणपतीच्या आधी करतो म्हणाला आहे.

दीपस्तंभ

उत्तम. मग राउटरमध्ये १४८० चं १४९२ केलंत तरी चालेल. १४८० ठेवलंत तरी फरक जाणवणार नाही.

खाडीपलीकडे

मी जैतापूरकडून. माझ्याकडे पण एक साइट उघडत नाही, म्हणून पिंगची चाचणी केली. १४६४ येतं, १४७२ ला 'तोडावं लागेल' म्हणतो. म्हणजे माझाही एमटीयूच ना? कमी करून १४०० टाकू का?

सुरंगी

नको. तुमचे आकडे निरोगी आहेत, माझ्यासारखेच. १४०० टाकून काही बिघडणार नाही, पण सुटणारही नाही. एकच साइट की अनेक? वायफायवर मोबाइलवर उघडते का? आणि खालच्या बारीक ओळीत काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे द्या.